डोहाची पूजा कोणी करायची

सहलीच्या छापील कार्यक्रमात त्या दिवसापुढे ‘वाळवंटातील अमृतक्षण’ असं लिहिलं होतं. त्याआधीच्या दिवसांपुढे ‘शुभ्र स्वप्न’, ‘इतिहासाची साद’ आणि ‘सागराशी संवाद’ असं होतं, आणि प्रत्यक्षात त्यांचा अर्थ मीठ, किल्ला आणि समुद्र असा निघाला होता. तेव्हा अमृतक्षण म्हणजे पाणी असणार, एवढा अंदाज मला होता. तसंच होतं. कच्छच्या कोरड्या भागात एक घळ आहे, तिच्या तळाशी एक डोह आहे, आणि तो मे महिन्यातही आटत नाही. एवढंच साधं वाक्य छापलं असतं तरी मी पैसे भरले असते.

खरं तर मी आले होते आईसाठी. वडील गेल्यावर आई मानखुर्दचं घर सोडून माझ्याकडे नाहूरला राहायला आली. मानखुर्दला तिचा सगळा संसार उघड्या दाराने झाला. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या घरी काय शिजतंय, हे तिला ओट्यापाशी उभ्या उभ्या कळायचं. नाहूरला आमच्या मजल्यावर सगळी दारं बंद. त्यातलं एक तिने उघडलं. समोरच्या बाईंना ती खिडकीतल्या कुंडीतली कोथिंबीर द्यायची, त्या हिला कढीपत्ता द्यायच्या. असं बरेच दिवस दारातल्या दारात चाललं. मग एकदा आईने त्यांना हौसेने आत बोलावलं. आम्ही बौद्ध. हॉलमध्ये दोन फोटो आहेत, त्यातला एक निळ्या कोटातला. बाईंनी चहा घेतला, फोटोंकडे पाहिलं, घर छान ठेवलंय म्हणाल्या. त्यानंतर त्यांना कोथिंबीर तिसऱ्या मजल्यावरून मिळू लागली. भांडण नाही, वावगा शब्द नाही, लिफ्टमधलं हसणंही चालूच राहिलं. आईने कुंडी तेवढी धुऊन गॅलरीत पालथी घातली.

या सहलीत तिला दहिसरच्या काकू भेटल्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर काकूंनी कॅन्टीनला पोळ्या पुरवून मुलं वाढवली. त्या मुलांनी आता आईला कच्छला पाठवलं होतं आणि स्वतः गोव्याला गेली होती. पहिल्या दिवशी बसमध्ये त्या आईच्या मागे बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, “तू जा मागे, तुका वाचूक होया ना?” आणि माझी जागा घेतली. तेव्हापासून दोघी मांडीवर पर्स ठेवून तिच्यावर रमी खेळत होत्या. काकू उघड उघड पानं चोरायच्या, आई ओरडायची. मी मागच्या सीटवरून पुस्तकाआडून ऐकत राहायचे. आईला इतक्या मोठ्याने ओरडताना मी मानखुर्द सुटल्यापासून ऐकलं नव्हतं.

ओरडणं सोडून बाकी सगळ्यात मात्र ती सावध होती. आमचं आडनाव असं आहे की ते ऐकून समोरच्याला गाव विचारावं लागतं, आणि गाव ऐकूनही त्याचं काही ठरत नाही. आईला तेवढ्यावर सहल पार पाडायची होती. खोलीत तिने मला बजावलं होतं, “कोणी काही विचारलं तर तू मध्ये बोलू नको.”

“काय विचारतील?”

“काहीही विचारतील.”

“पण आई, लपवायचं कशाला?”

“लपवतंय कोण? सहलीला आलोय, मोर्च्याला नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मोर्च्यातलंच होतं.

आमचा टूर मॅनेजर बोरिवलीचा. पस्तिशीचा, कष्टाळू, आणि माईक हातात आला की वेगळाच होणारा. खांद्याला एक छोटा स्पीकर अडकवून तो आम्हाला ‘माझ्या कुटुंबीयांनो’ म्हणायचा. मुतारीची वेळही तो प्रास्ताविक करून सांगायचा. कुठेही पोचलो की बॅनर उघडायचा, मग फोटो, मग मुलुंडच्या साहेबांचे दोन शब्द. हे साहेब कुठल्या तरी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. त्यांचे दोन शब्द कधीच दोन नसत. मिठाच्या वाळवंटात त्यांनी शिस्तीवर भाषण केलं होतं.

घळीला जायच्या सकाळी नाश्त्याच्या वेळी मॅनेजरने स्पीकर चालू केला. “कुटुंबीयांनो, आज आपण वाळवंटातल्या अखंड जलाचं पूजन करणार आहोत. आणि हे पूजन होणार आहे आपल्या कुटुंबातल्या सर्वात ज्येष्ठ मातोश्रींच्या हस्ते!” त्याने सगळ्यांची आधार कार्डं आधीच मागून घेतली होती. त्यावरच्या जन्मतारखा पाहून त्याने हा शोध लावला होता. आधार कार्डावरून जन्मतारीख कळते, बाकी काही कळत नाही. सर्वात ज्येष्ठ निघाली आई.

टाळ्या पडल्या. काकूंनी आईला कोपराने ढोसलं. “गे, मान मिळालो तुका! लुगडा बरा नेस आता.”

आईच्या हातातला खाकरा तसाच राहिला. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा आई त्यांच्या कडेवर होती. त्यानंतर आमच्या घरात कधी पूजा झाली नाही. आईने आयुष्यात कलशाला हात लावलेला नाही, आणि आता एका बोरिवलीच्या मुलाने केलेल्या सन्मानाखातर ती तो लावणार नव्हती, हे मला माहीत होतं. पण नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागणार. आणि का ते सांगितलं की पर्सवरची रमी राहील की जाईल, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

खोलीत येऊन ती पलंगावर बसली. “तू सांग, तिची तब्येत बरी नाही.”

“मग डोह बघायचा नाही?”

“मी गाडीत बसेन.”

“इतक्या लांब येऊन?”

“गाडीतून दिसेल तेवढं बघेन.”

“घळ गाडीतून दिसत नसते, आई. म्हणून तर ती घळ.”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लगेच पाण्याच्या बाटल्या भरायला लागले. थोड्या वेळाने तीच उठली, बूट घातले आणि दाराशी जाऊन उभी राहिली. काय ठरवलं ते सांगितलं नाही.

बस एका खेड्याशी थांबली. पुढे जीप. नदीचं कोरडं पात्र, त्यात गोटे, बाभळी, आणि सगळीकडे एकच पिवळसर धूळ. दोघी माझ्यापुढे बसल्या होत्या. काकू बोलत होत्या, आई हुं हुं करत होती. मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. कोणी आईला काही बोललंच तर काय बोलायचं, कुठे थांबायचं, कोणत्या वाक्याला साहेबांकडे बघायचं, असं सगळं. ते चांगलं झालं होतं. त्यात समता होती, बंधुता होती आणि शेवटी एक टोमणाही होता.

जीप थांबली तिथे काहीच नव्हतं. सपाट खडक आणि वारा. मग थोडं चालल्यावर जमीन अचानक पायाखालून संपली आणि खाली घळ दिसली. मी पुस्तकांत बऱ्याच दऱ्या वाचल्या आहेत आणि त्यांच्या वर्णनांवर माझा फारसा विश्वास नाही. म्हणून एवढंच सांगते, की खडक तांबूस आणि पिवळा होता, त्याचे थर एकावर एक घड्या घालून ठेवलेल्या चादरींसारखे होते, आणि पावसाच्या लोंढ्यांनी ते आतून कोरून काढले होते. काही ठिकाणी तर खडकात गुळगुळीत रांजण तयार झाले होते. आणि या सगळ्याच्या तळाशी, जिथे ऊन पोचत नव्हतं, तिथे गडद हिरवं पाणी. इतकं स्तब्ध की आधी तो दगडच वाटला. मग एक खंड्या त्यात शिरला आणि बाहेर आला.

कोणी काही बोललं नाही. साहेबसुद्धा. तो खरा अमृतक्षण होता, आणि मॅनेजर स्पीकरची बॅटरी बदलत असल्यामुळे तो जरा टिकला.

खाली उतरायला वाट सोपी होती. डोहाच्या काठी मॅनेजरने एक सपाट खडक निवडला, त्यावर पितळी कलश, नारळ, हळदकुंकवाचा डबा आणि ब्लाउजपीस मांडला. बॅनर दोन गोट्यांखाली दाबला. मग प्रास्ताविक सुरू झालं. घळीत आवाज घुमत होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य आम्हाला दोनदा ऐकावं लागलं.

“...आणि आता मी आपल्या मातोश्रींना विनंती करतो, की त्यांनी पुढे यावं!”

काकूंनी ताट उचलून आईपुढे धरलं. आई उभी राहिली. तिने पदर सारखा केला.

“मी नाही करणार,” आई म्हणाली.

“अहो मावशी, लाजताय काय!”

“लाजत नाही. आम्ही बौद्ध आहोत. आम्ही पूजा करत नाही.”

घळीने तेही दोनदा म्हटलं.

मॅनेजरचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने फक्त गृहीत धरलं होतं, आणि गृहीत धरायला त्याला त्या दिवसापर्यंत कोणी अडवलं नव्हतं. “अहो, मग... फक्त फोटोपुरतं?” तो म्हणाला.

“फोटोपुरतं तर मुळीच नाही.”

साहेब पुढे झाले. “हे पाहा, हे काही धार्मिक नाही. हे निसर्गाचं पूजन आहे.”

“मग निसर्गाला हळदकुंकू कशाला?” आईने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं अशा आवाजात.

साहेबांनी याचा विचार केला नव्हता. त्यांच्या बायकोने पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. आई आता त्यांच्याकडे बघत नव्हती. ती काकूंकडे बघत होती. काकू ताट धरून तशाच उभ्या.

“माका पयल्याच दिवशी कळला होता,” काकू म्हणाल्या.

“काय कळलं होतं?”

“देवळाची पायरी दिसली की तुझे गुडघे दुखतत, आणि किल्ल्याची दिसली की बरे होतत. असले गुडघे मी अजून बघूक नाय.”

कोणीतरी हसलं. मग दोघेतिघे हसले. ते खरंच होतं. वाटेतल्या प्रत्येक देवळाबाहेर आई चपला सांभाळत बसली होती, आणि किल्ल्यावर माझ्या आधी पोचली होती. मी तिच्या युक्तीचं मनातल्या मनात कौतुकही केलं होतं.

“मग बोलला का नाहीत?” आईने विचारलं.

“कित्याक बोलू? तू सांगशील तेव्हा सांगशील. माझा काय अडला होता?” मग ताट खडकावर ठेवून त्या म्हणाल्या, “आमच्या चाळीत पण होते गो तुमच्यातले. लय चांगली माणसां.”

मी डोळे मिटले. इतकं चांगलं चाललं होतं. आता माझं भाषण काढावं लागणार असं वाटलं.

“आमच्याकडे कोकणातले होते,” आई म्हणाली. “भांडकुदळ. पण मासे चांगले करायचे.”

काकू क्षणभर बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की वरच्या कपारीतली कबुतरं उडाली. “भांडकुदळ! आयकलास रे? माका भांडकुदळ म्हणता ही!”

“पानं चोरतेस ती चोरतेस,” आई म्हणाली. इतके दिवस ती त्यांना अहोजाहो करत होती.

पूजेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. वयाने दुसऱ्या काकूच होत्या. मॅनेजर त्यांच्याकडे वळला तशा त्या म्हणाल्या, “माझो नवरो गेलो, बाबा. तुझ्या पूजेत विधवा चालता काय, ता आधी विचार.” मॅनेजरने साहेबांच्या बायकोकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “तसं आता कोणी मानत नाही. पण...” आणि त्या ‘पण’पाशीच थांबल्या. आईचे यजमानही नाहीत, हे तोवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम हिशेब दिसायला लागला, आणि मॅनेजरची अवस्था अशी झाली की त्याला धीर द्यावा असं मला वाटलं.

शेवटी साहेबांनीच जबाबदारी घेतली. बूट काढले, पँट दुमडली, नारळ घेऊन काठावर गेले आणि दोन शब्द सुरू केले. तिसऱ्या वाक्याला पाय शेवाळावरून सरकला. साहेब सावरले, नारळ नाही सावरला. तो पाण्यात पडला आणि शांतपणे तरंगत डोहाच्या मध्याकडे निघाला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. त्या सहलीत पहिल्यांदाच आमच्या कुटुंबीयांचं एका गोष्टीवर लक्ष लागलं होतं.

जीपवाल्याने काठीने पाणी ढवळून नारळ जवळ आणला. “पाण्यात काही सोडू नका, साहेब,” तो हिंदीत म्हणाला, “जनावरं पितात.” पूजा तिथेच आटोपली. नारळ खडकावर फोडला. काकूंनी खोबऱ्याचा तुकडा तोडून आईपुढे धरला. “हो काय प्रसाद नाय हां. पडलेलो नारळ. खा.”

आईने खाल्ला. “गोड आहे,” म्हणाली.

माझं भाषण माझ्यापाशीच राहिलं. साहेबांचं ऐकल्यावर मला त्याचं फार वाईटही वाटलं नाही. मी एका रांजणाच्या कडेवर बसून पाणी बघत होते. कडेला ते उथळ होतं, तळाचे गोटे दिसत होते. मध्यावर काहीच दिसत नव्हतं. महिनोन्महिने पावसाचा थेंब नाही अशा मुलखात हे पाणी टिकतं. वरून ऊन पोचत नाही आणि खालचा खडक पाणी जिरू देत नाही, असं जीपवाल्याने सांगितलं. त्यात चमत्कार काही नव्हता, आणि तरी पाहताना बरं वाटत होतं.

दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या. मॅनेजर त्यांचा फोटो काढायला आला तेव्हा बॅनर पाठीमागे धरायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून तसाच काढला. त्या सहलीतला तेवढा एकच फोटो माझ्याकडे आहे ज्यात आई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

सगळंच छान झालं असं नाही. दुपारी जेवताना आईने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा फिरवला. साहेबांच्या बायको आदल्या दिवसापर्यंत ती चटणी मागून घ्यायच्या, कृतीसुद्धा लिहून मागितली होती. आज म्हणाल्या, “नको हो, पोट भरलंय.” त्यांच्या ताटात पोळी होती, चटणीची जागा मोकळी होती. मी आईकडे पाहिलं. आईनेही पाहिलं होतं.

“बरा झाला,” काकू म्हणाल्या आणि डबा आपल्याकडे ओढला. “रवली तितकी माझी.”

आईने डबा बंद केला नाही. थोड्या वेळाने मॅनेजर आला, उभ्यानेच दोन चमचे घेऊन गेला, आणि जाताना “सॉरी मावशी” असं काहीसं पुटपुटला. स्पीकरशिवाय त्याचा आवाज अगदी बारीक होता.

परतीच्या प्रवासात मी नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर. पत्ते पर्समधून निघालेच नाहीत. आई बोलत होती. तिचं मराठवाड्यातलं गाव, उन्हाळ्यात नदी आटायची तेव्हा वाळूत खणलेले झरे, वरच्या अंगाला गावाचे आणि खालच्या अंगाला आमच्या वस्तीचे. खालच्या झऱ्याचं पाणी गोड निघालं त्या वर्षी गावाची झालेली पंचाईत. तिची आजी, जी मध्यरात्री उठून वरच्या झऱ्यात मुद्दाम पाय धुऊन यायची. काकू “अगो बाय माझे!” करत होत्या आणि मधूनच त्यांच्या गावच्या विहिरीचं काहीतरी घुसडत होत्या. यातलं अर्धंअधिक मी कधी ऐकलेलं नव्हतं. ग्रंथालयात आयुष्य गेलं माझं, लोकांच्या आठवणींची कपाटं लावण्यात. आईला मी कधी विचारलं नव्हतं, आणि तिने आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं. आता ती सांगत होती, आणि आवाज खाली घेत नव्हती. पुढच्या मागच्या सीटवर कोण बसलंय हे ती बघतही नव्हती.

मी पुस्तक मिटून टाकलं.

बस हमरस्त्याला लागली तेव्हा मॅनेजरला पुन्हा हुरूप आला. त्याने स्पीकर चालू केला, घसा साफ केला. “कुटुंबीयांनो, उद्याच्या कार्यक्रमाविषयी...” आईचं चालूच होतं. त्याने दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला. शेवटी माईक खाली धरून तो अदबीने म्हणाला, “मावशी, जरा दोन मिनिटं शांतता मिळेल का?”

काकू सीटवरून अर्ध्या उठल्या.

“तू गप रव रे,” त्या म्हणाल्या. “गोष्टीत हिचा अजून लगीन जावचा आसा.”